सोमाली बोलायला शिकायचंय? आधी चहाला बसा

मिनियापोलिसला नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या कानावर सोमाली पहिल्यांदा पडते ती बहुधा लाइट रेलच्या सीडर-रिव्हरसाइड थांब्यावर, नाहीतर दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये. दोन बायका बोलत असतात, आवाज चढलेला असतो, हात हलत असतात. आपल्याला वाटतं, भांडण जुंपलंय. प्रत्यक्षात एकमेकींच्या घरची खुशाली विचारणं चाललेलं असतं, आणि ते अजून निम्म्यावरही आलेलं नसतं.

मी इथे एका दवाखान्यात रक्त काढायचं काम करते. माझ्यासमोर हात पुढे करून बसणाऱ्यांत सोमाली आज्या खूप. त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून मी ही भाषा शिकायला लागले. वर्गात गेले नाही, लोकांत बसून शिकले. त्यातून जे हाती लागलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. तुम्ही नर्स असा, शिक्षक असा, किंवा नुसते शेजारी असा. हे मिनियापोलिसपुरतं असलं तरी लंडन, टोरांटो किंवा नैरोबीचं ईस्टली इथे राहणाऱ्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

एवढी पार्श्वभूमी मात्र हवी. १९९१ च्या जानेवारीत सोमालियाचे हुकूमशहा सियाद बर्रे यांची राजवट कोसळली, यादवी पेटली आणि लाखो माणसं देशाबाहेर पडली. बरेच जण केनियातल्या निर्वासित छावण्यांमधून पुढे आले. अमेरिकेत सोमाली लोकांची सर्वांत मोठी वस्ती आज मिनेसोटात, म्हणजे मिनियापोलिस ज्या राज्यात आहे तिथेच आहे. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या साठीच्या बाईंनी एक देश, एक छावणी आणि हा बर्फ, तिन्ही पाहिलेलं असतं. शिकताना हे मनात असू द्या.

पहिली पायरी: शिकवणारं माणूस शोधा

सगळ्यांची इथेच गफलत होते. आपण ऑफिसातल्या किंवा कॉलेजातल्या तरुण सोमाली मुलाला गाठतो आणि म्हणतो, मला शिकव. तो आनंदाने हो म्हणतो, चार शब्द सांगतो, आणि पुढच्या वाक्यापासून दोघंही इंग्रजीवर येता. त्याचा दोष नाही. इंग्रजी त्याला जास्त सोपी आहे, आणि तुमची तुटकी सोमाली ऐकत राहण्यापेक्षा काम उरकणं बरं असं कुणालाही वाटेल.

म्हणून इंग्रजी न येणारी माणसं शोधा. म्हणजे आज्या, मावश्या, नातवंडं शाळेत गेल्यावर घरात एकट्या उरणाऱ्या बायका. पुरुषांना कॉफीच्या दुकानांतले आजोबा आहेत. तिथे दुपारभर राजकारणावर जी जुंपते तिला सोमालीत ‘फडी कु दिरिर’ म्हणतात, बसल्या बसल्या लढाई. आपला पारच तो. तिथे कोपऱ्यात बसून नुसतं ऐकलं तरी महिन्याभरात कान तयार होतो.

बायकांसाठी अजून एक जागा आहे, आणि ती आपल्याला परकी वाटत नाही: भिशी. सोमाली बायका ती अगदी आपल्यासारखीच लावतात. तिला ‘हगबद’ म्हणतात, किंवा ‘अयूतो’. हा दुसरा शब्द मदत या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला, कारण दक्षिण सोमालिया इटलीच्या ताब्यात होता. मी आकडे शिकले ते अशाच एका भिशीत बसून: कोव, लबा, सद्दह, अफर, शन, लिह, तोद्दोबा, सिद्देद, सगाल, तोबन. पैसे मोजताना आकडा चुकून चालत नाही, त्यामुळे तो डोक्यात घट्ट बसतो. ‘एक’ला मोजताना ‘कोव’ आणि वस्तूच्या आधी ‘हल’, हा फरकही तिथेच कळला.

या वयस्कर बायकांना शिकवायला वेळ असतो. शिवाय त्यांचं इंग्रजी कच्चं म्हणून दिवसभर सगळे त्यांना दुरुस्त करत असतात. तुमच्यासमोर त्या पहिल्यांदा जाणत्या ठरतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा चेहरा या एका गोष्टीने कसा उजळला ते मी पाहिलं आहे.

दुसरी पायरी: अक्षरं ओळखा, पण इंग्रजीच्या डोळ्यांनी वाचू नका

सोमाली भाषा जुनी, पण तिची आजची लिपी १९७२ ची. त्या वर्षी सरकारने रोमन लिपी अधिकृत केली. त्याआधी कुणी अरबीत लिहीत, कुणी उस्मानिया नावाच्या तिथेच घडवलेल्या लिपीत. १९७४ साली वरच्या वर्गांच्या शाळा बंद ठेवून हजारो विद्यार्थी आणि शिक्षक गुराखी टोळ्यांमागे माळरानात धाडले गेले, लोकांना लिहायला-वाचायला शिकवायला. आज सत्तरीत असलेल्या, शाळा शिकलेल्या एखाद्या आजोबांना विचारून बघा की १९७४ साली तुम्ही कुठे होता. तासाभराची बेगमी होते.

या लिपीत काही रोमन अक्षरांना वेगळेच उच्चार दिले आहेत. दुकानावरच्या पाटीवर ‘एक्स’ने सुरू होणारा शब्द दिसला तर तो ‘ह’ आहे, पण घशाच्या तळातून आवळून काढलेला. काचेवर वाफ सोडताना आपण ‘ह’ करतो, त्याहून खोल. हलवा विकणाऱ्याच्या पाटीवर ‘हलवो’ हा शब्द एक्सनेच सुरू होतो. साधा ‘ह’ वेगळा. साध्या ‘ह’चा ‘होग’ म्हणजे अरिष्ट आणि घशातल्या ‘ह’चा ‘होग’ म्हणजे बळ. देवनागरीत मला दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात. कानाने मात्र ते वेगळे ऐकायला शिकायलाच हवं.

‘सी’ हे अक्षर म्हणजे अरबीतला ऐन: घशातून दाबून काढलेला अ. अली हे नाव सोमाली लिपीत सीने सुरू होतं. ‘खा’ या अर्थाचा शब्दही सीने सुरू होतो आणि ‘उन’च्या जवळपास ऐकू येतो. कुणाच्या घरी जेवायला बसलात की हा शब्द दर दोन मिनिटांनी येईल, त्यामुळे सरावाची चिंता नको. ‘क्यू’ म्हणजे पडजिभेजवळून निघणारा क. उर्दू ऐकणाऱ्यांना तो जमतो.

आता मराठी माणसासाठीचा खास खड्डा. सोमालीत ‘डी-एच’ लिहिलेलं दिसलं की आपण ‘ध’ वाचतो. तो ‘ध’ नाही, तो आपला ‘ड’ आहे. जीभ टाळूला मागे वळवून काढलेला चक्क मूर्धन्य ड. इंग्रज माणूस या अक्षराशी महिनोन्‌महिने झुंजतो, आपल्याला ते फुकट मिळालंय, फक्त वाचताना घसरायचं नाही. मी पहिल्या आठवड्यातच घसरले. रक्ताला सोमालीत काय म्हणतात ते एका तक्त्यावर वाचलं आणि समोरच्या आजींना हात पुढे करायला सांगताना ठसक्यात म्हटलं, “धीग”. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या दंडावर बोट ठेवून सावकाश म्हणाल्या, “डीग.” मी परत म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. तीन वेळा. मगच हात दिला. त्या दिवसापासून माझा ड चुकला नाही.

स्वर दोनदा लिहिला की दीर्घ. ही बाब किरकोळ समजू नका. ‘गल’ म्हणजे आत ये. तोच स्वर लांबवून ‘गाल’ म्हटलं की अर्थ होतो काफर, धर्माबाहेरचा. दारात उभ्या पाहुण्याला आत बोलावताना हा फरक पाळलेला बरा.

आणि या भाषेत ‘प’ नाही, ‘व्ही’चा दातांवरचा उच्चारही नाही. प आला की ब होतो: पास्ता तिथे ‘बास्तो’ आहे. माझं पुणे त्यांच्या तोंडी बुणे. बुणे त्यांना ठाऊक असतं बरं का. कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या पुण्याला नाहीतर हैदराबादला शिकून गेलेला असतो.

तिसरी पायरी: खुशाली पूर्ण विचारा

पुस्तकात ‘इस्का वर्रन’ म्हणजे ‘कसे आहात’ असं दिलेलं असतं. शब्दशः ते आहे ‘स्वतःची बातमी सांग’. ‘वर’ म्हणजे बातमी. मैलोन्‌मैल माळावर उंट घेऊन फिरणाऱ्या माणसाला वाटेत दुसरा भेटला की पाऊस कुठे पडला, चारा कुठे आहे, कुणाचं काय झालं हे कळायची तीच एक संधी होती. आज तोच माणूस मिनियापोलिसात बस चालवतो, पण विचारपूस तीच.

त्यामुळे एक प्रश्न विचारून थांबायचं नाही. आधी “अस्सलामु अलैकुम”. मग “इस्का वर्रन?” उत्तर येईल “नबद”, म्हणजे शांतता. मग “मा नबद बा?”, शांतता आहे ना? “वा नबद.” मग “रेर्का का वर्रन?”, घरच्यांचं सांगा. मग “अर्रूर्ता का वर्रन?”, मुलाबाळांचं सांगा. तब्येतीचं, आईचं, मायदेशातल्यांचं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी “अल्हम्दुलिल्लाह”. आणि समोरचंही तुम्हाला हे सगळं विचारणार, तेव्हा उत्तरं तयार ठेवा. “वान फीअनहाय”, मी बरी आहे, एवढं तरी.

सुरुवातीला मला हे लांबण वाटायचं. पुढे रुग्ण रांगेत असताना. पण मी घड्याळ लावून पाहिलं: पूर्ण खुशाली दीड मिनिटात होते. आणि ती झाली की आजींचा आवळलेला हात सैल पडतो, शीर सापडते, सुई एकदाच टोचावी लागते. माझ्या कामात याहून मोठा फायदा नाही.

पाठ करून ठेवायची आणखी चार वाक्यं. “कन महा ला यिराहदा?”, याला काय म्हणतात? या एका वाक्यावर तुम्ही अख्खं स्वयंपाकघर शिकू शकता. “तर्तीब”, हळूहळू. “मर कले”, पुन्हा एकदा. आणि “मा सह बा?”, बरोबर आहे का? हे शेवटचं मुद्दाम विचारा, नाहीतर लोक सौजन्याने चुका सोडून देतात आणि त्या हाडीमासी खिळतात. आभाराला “महद्‌सनिद”. होकाराला ‘हा’, नकाराला ‘मया’.

पुरुषांनी बायकांपुढे आणि बायकांनी पुरुषांपुढे हस्तांदोलनासाठी हात आपणहून करू नये. छातीवर हात ठेवून किंचित झुकलं की झालं. बायका-बायकांत मात्र हात हातात घेऊन तो सोडायचाच नाही, अशी रीत आहे.

चौथी पायरी: नातं लावा

नावाने हाक मारणं वडीलधाऱ्यांना चालत नाही. आपल्याकडे चालतं का? आणि इथे मराठी माणसाला जे घबाड मिळतं ते इंग्रजीवाल्याला स्वप्नातही मिळणार नाही. इंग्रजीत सगळे ‘अंकल-आंटी’. सोमालीत काका वेगळा, मामा वेगळा: वडिलांचा भाऊ ‘अदेर’, आईचा भाऊ ‘अब्ती’. आत्या ‘एद्दो’, मावशी ‘हबरयर’. हबरयरमधला ‘यर’ म्हणजे लहान. थोडक्यात धाकटी आई. आजी ‘अयेयो’, आजोबा ‘अवोवे’. बरोबरीच्या माणसाला ‘वलाल’, भावंड. बायका एकमेकींना ‘अबायो’ म्हणतात.

अनोळखी वयस्कर पुरुषाला अदेर आणि बाईंना हबरयर किंवा एद्दो म्हणा. रोजच्या बोलण्यात क्रियापदाला आपल्यासारखं अहो-जाहो नाही, सगळा मान या नात्याच्या शब्दात असतो. तो वगळला तर वाक्य बरोबर असूनही उद्धट वाटतं. ‘वर्या’ हा शब्द रस्त्यावर सारखा ऐकू येईल. तो ‘अरे ए’ आहे, बरोबरीच्या दोस्ताला. वडीलधाऱ्याला चुकूनही नको.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की हे शब्द उलटेही चालतात. आई लेकराला हाक मारते तीही ‘होयो’, म्हणजे आई! काका पुतण्याला ‘अदेर’ म्हणतो. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईंनी मला “होयो मआन” म्हटलं तेव्हा मी गोंधळले, गोड आई? मग कळलं, त्या मला लेकीसारखं बोलवत होत्या. आपल्याकडे लाडाने लेकीला ‘अगं माझे आई’ म्हणतात, त्याची आठवण झाली.

नावांची रचनाही ओळखीची वाटेल. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं. आडनाव नाही. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. त्यामुळे नवरा-बायकोची ‘आडनावं’ वेगळी दिसली म्हणून फॉर्म भरताना शंका काढू नका.

पाचवी पायरी: व्याकरणाला मराठीतून भिडा

इंग्रजीतून सोमाली व्याकरण वाचलं तर डोकं गरगरतं. मराठीतून पाहिलं तर निम्मी वाट चाललेली असते.

क्रियापद शेवटी. “अनिगु शाह बान अब्बाय”: मी चहा प्यायले. शब्दांचा क्रम तोच. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद सोमालीत आहे! ऐकणाऱ्याला धरून ‘इन्नगु’, वगळून ‘अन्नगु’. इथल्या माझ्या अमेरिकन सहकारिणीला हे समजावताना तिला उदाहरणं संपली. मला एका वाक्यात कळलं. ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ यांतला ये-जा सोमालीत क्रियापदाच्या आधी बसतो: बोलणाऱ्याकडे येणारी क्रिया असेल तर ‘सो’, दूर जाणारी असेल तर ‘सी’. “सो गल” म्हणजे आत ये, बोलणारा आत असताना.

‘बा’ हा छोटा शब्द इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्चून समजावतात. तुम्ही आपला ‘च’ आठवा. “अली वू यिमिद”, अली आला. “अली बा यिमिद”, आला तो अलीच, दुसरा कुणी नाही. पूर्ण जुळणी नाही. सोमालीत वाक्यात ठसा कुठे आहे हे जवळजवळ दर वेळी सांगावं लागतं, आपण ‘च’ मनात येईल तेव्हा लावतो. पण सुरुवातीला हा धागा पुरतो.

आता कठीण भाग. नामाला लिंग आहे, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग, आणि ते शेवटच्या प्रत्ययातून कळतं: ‘निन्का’ तो पुरुष, ‘नाग्ता’ ती बाई. इथवर ठीक. पण बरीच नामं अनेकवचनात लिंग बदलतात. ‘होयदा’ ती आई, स्त्रीलिंगी. ‘होयोयिन्का’ त्या आया, आणि प्रत्यय पुल्लिंगी! याला युक्ती नाही. शब्द शिकताना प्रत्ययासकट शिका, जसं परक्या माणसाला मराठी शिकवताना आपण ‘तो दगड, ती वीट, ते घर’ असं घोकून घेतो.

‘मा’वरही लक्ष ठेवा. प्रश्नालाही ‘मा’, नकारालाही ‘मा’. “मा तगायसा?”, जातेस का? “मा तगायसिद”, तू जात नाहीस. फरक क्रियापदाच्या शेपटीत. आणि स्वराची उंची: ‘इनन’ पहिल्या अक्षरावर चढवला तर मुलगा, दुसऱ्यावर चढवला तर मुलगी. हे पुस्तकातून येत नाही, आजींच्या तोंडूनच घ्यावं लागतं.

सहावी पायरी: ओळखीचे शब्द गोळा करा

वही घ्या आणि दोन भाषांत सारखे निघणारे शब्द लिहीत जा. अरबी समुद्राच्या दोन काठांवर शतकानुशतकं व्यापार चालला, अरबी-फारसी शब्द दोघांनीही उचलले. ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार तर १८९८ पर्यंत एडनमार्फत हिंदुस्थानाकडून चाले. दुकान तिथेही ‘दुकान’. खुर्ची ‘कुर्सी’, साबण ‘साबून’, हिशेब ‘हिसाब’, जबाब ‘जवाब’, औषध ‘दवो’, पाव ‘रोती’, समोसा ‘संबूस’. भजी ‘बजिये’, पण ती डाळीच्या बेसनाची नाही, चवळीसारखं कडधान्य भिजवून वाटून करतात. आंब्याला ‘अंबे’ म्हणतात, घशातला ऐन लावून. आणि मिनेसोटात रोज लागणारा शब्द: बर्फ ‘बरफ’. जानेवारीत कुणालाही “वा कबोव!”, थंडी आहे, एवढं म्हटलं तरी संभाषण सुरू होतं.

शब्दांच्या वहीला सगळ्यात चांगली जागा म्हणजे चहा. त्याला ‘शाह’ म्हणतात. वेलची ‘हेल’, दालचिनी ‘कोर्फे’, लवंग ‘डेगयरे’, म्हणजे लहान कान. लवंग हातात धरून बघा, दिसतोच. दूध ‘आनो’, साखर ‘सोन्कोर’. साखर भरपूर असते. कमी हवी तर आधी “सोन्कोर यर” म्हणा. चहा करणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून एकेका डब्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: कन महा ला यिराहदा? कार्मेल मॉलमध्ये छोटी छोटी दुकानं दाटीने आहेत, कपडे, अत्तर, मेंदी, खाणं. तिथे गर्दी नसताना दुपारी जा. भाताबरोबर केळं दिलं तर ते शेवटी खायचं गोड नाही, घासाघासाला भातासोबत खायचं. पोट भरलं की “वान डेर्गाय” म्हणा. पुन्हा तोच आपला ड.

घरी ऐकायला बीबीसीची सोमाली सेवा आहे, १९५७ पासून चालू. पहिले दोन महिने काही कळणार नाही. रोज दहा मिनिटं लावा आणि फक्त ओळखीचे शब्द मोजा. यंत्राकडून भाषांतर करून घेण्यावर विसंबू नका. वाक्य आजींना वाचून दाखवलं की त्या काय म्हणतात ते बघा, आणि त्यांचंच लिहून घ्या.

कुठे जपून

कुळ विचारू नका. ‘कबील’ हा विषय त्यांच्या आपापसातही नाजूक आहे, यादवीत त्याच्या नावाने रक्त सांडलं आहे. कागदपत्रं, व्हिसा, कोण कसं आलं, हेही आपणहून विचारायचं नाही. ज्यांना सांगायचं असेल ते कधीतरी सांगतात.

बाळाचं कौतुक करताना “माशाल्लाह” म्हणा. नुसतं ‘किती गोंडस’ म्हटलं तर आईच्या मनात धस्स होतं. दृष्ट लागते, त्याला ‘इल’ म्हणतात, डोळा. आपल्याला हे समजावून सांगायला नको.

तरुण मुलांना “तुला तुझीच भाषा नीट येत नाही?” असं कधीही म्हणू नका. मी एकदा म्हणून बसले आणि त्या मुलीचे डोळे भरले. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतून आपलीच मुलं रविवारी कशी अडखळत वाचतात ते आपण पाहतो. परक्या बाईने येऊन ते दाखवणं फार लागतं. उलट तिला मदतीला घ्या. आजीने सांगितलेलं तिला इंग्रजीत विचारा, म्हणजे दोघी बोलतील.

आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांनी हे कोरून ठेवावं: खुशाली सोमालीत, निदान आणि औषध दुभाष्याकडून. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना इथे दुभाषा पुरवावा लागतो. आपल्याला ‘दवो’ आणि ‘डीग’ येतं म्हणजे गोळ्या किती आणि कधी हे सांगायचा अधिकार आला असं नाही.

सोमाली म्हणजे एकच सोमाली नाही, हेही लक्षात ठेवा. उत्तरेकडचे मुलीला ‘गबड’ म्हणतात, दक्षिणेकडचे ‘गबर’. दोन्ही बरोबर. पण ‘माय’ बोलणारा कुणी भेटला, मुख्यतः बाय आणि बकोल भागातला, तर तुमचं शिकलेलं बरंच अडेल. तिथे लाजायचं नाही, ती खरोखरच वेगळी बोली आहे, काही जण वेगळी भाषाच मानतात.

म्हणी लवकर शिका. लोकांना कविता आणि म्हणी जीव की प्राण. हद्रावी हे कवी २०२२ साली गेले तेव्हा आमच्या वेटिंग रूममध्ये बायका फोनवर त्यांचा आवाज लावून बसल्या होत्या. मला आलेली पहिली म्हण “फर केलिया फोल मा डक्दो”: एका बोटाने तोंड धुता येत नाही. योग्य जागी ती टाकली की खोलीतले सगळे वळून बघतात.

निघताना

उठायचं म्हटलं की लगेच उठता येत नाही. “नबद गेल्यो” म्हणायचं, मग बसूनच राहायचं, मग दारात पुन्हा घरच्यांची विचारपूस, मग चपला घालताना एखादी राहिलेली बातमी. त्यात घाई करू नका, शेवटच्या पाच मिनिटांत माणसं सगळ्यात मोकळं बोलतात. बरोबर संबूस बांधून देतील. नको म्हणायचं नाही.

तो डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मी त्यात शंकरपाळे घालून नेले. हबरयरनी झाकण उघडलं, एक उचलला, उजेडाकडे धरून फिरवून पाहिला, आणि मला विचारलं, “कन महा ला यिराहदा?” मी सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघत दोनदा म्हणून पाहिलं, “शंकरबाले. शंकरबाले.” आणि मग, “मा सह बा?”